हाताला जागा

मोटारीचा जळालेला बल्ब बदलणे हे काम कोणाचे? हा प्रश्न ज्याला क्षुल्लक वाटत असेल त्याने तो बल्ब एकदा स्वतःच्या हाताने बदलून पाहावा आणि मग आमच्याशी खुशाल वाद घालावा. आमचे म्हणणे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. गाडीतील काही वस्तू झिजणार, जळणार किंवा संपणार, हे निर्मात्याला गाडी कागदावर असतानाच ठाऊक असते. त्या वस्तूंपर्यंत मालकाचा हात पोहोचेल एवढी जागा ठेवणे हे निर्मात्याचे कर्तव्य आहे. आणि ते कर्तव्य तो आपण होऊन पाळीत नसेल, तर कायद्याने ते त्याला पाळावयास लावले पाहिजे. यापुढील मजकूर हा केवळ या दोन वाक्यांचा विस्तार होय.

गेल्या जानेवारीतील गोष्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी मंडळी करोलबागेत गेली होती, तेथून आम्ही सर्वांना घेऊन रामकृष्णपुरम्‌च्या आमच्या सरकारी निवासाकडे परतत होतो. दिल्लीचे जानेवारीतील धुके ज्यांनी अनुभवले आहे त्यांना त्याचे वर्णन नको. ज्यांनी अनुभवलेले नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. वसाहतीच्या आतील, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर आम्ही वळलो आणि समोरून येणारी एक रिक्षा सरळ आमच्या अंगावर आली. रिक्षावाल्याने ऐन वेळी हात वळविला म्हणून आज हा लेख लिहिला जात आहे. तो खाली उतरून आम्हांला रागावला, आणि त्याचे रागावणे योग्यच होते. आमच्या गाडीचा उजवा दिवा बंद होता. रस्त्याच्या कडेला मिणमिणणारा एकच डावा दिवा पाहून त्याने आमची गाडी ही एखादी स्कूटर असावी असा तर्क केला, आणि त्या कल्पित स्कूटरच्या उजवीकडे जी मोकळी जागा असावयास हवी होती तेथून तो निघाला होता. त्या जागेत आम्ही बसलो होतो आणि आमच्या मागे मुले बसली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दीडशे रुपयांचा बल्ब आणून आम्ही सकाळी नऊ वाजता बॉनेट उघडले. डाव्या दिव्यामागे हात सहज जात होता. उजव्या दिव्यामागे मात्र बॅटरी, बॅटरीच्या शेजारी फ्यूजांचा डबा, आणि या दोहोंच्या मधून जेमतेम चार बोटे जातील एवढी फट. बल्बाच्या पाठीवर तीन पात्यांचे सॉकेट, त्यावर रबरी टोपण, टोपणाखाली बल्बाला दाबून धरणारी तारेची स्प्रिंग, अशी ही रचना आहे. यांतील एकही वस्तू डोळ्यांना दिसत नाही. सारे काम चाचपडत करावे लागते. शिवाय हॅलोजन बल्बाच्या काचेला बोट लागू देऊ नये असा दंडक आहे, कारण बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला की ती त्या जागी तापून बल्ब लवकर जातो. जेथे बोटांनाच डोळ्यांचे काम करावयाचे आहे, तेथे काचेला बोट लावू नका हे सांगणे म्हणजे आंधळ्याला चाचपडण्याची मनाई करण्यासारखे आहे.

आम्ही बॅटरी काढली. बॅटरीखालचा तिचा पाळणा तरीही आड येत होता, आणि त्याचा एक बोल्ट खालच्या बाजूने बसविलेला होता. मनगट सोलले. स्प्रिंग निसटून गाडीच्या पोटातील प्लॅस्टिकच्या तबकात पडली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा आम्हांला माहितीपुस्तिकेची आठवण झाली. शेकडो पानांच्या त्या पुस्तिकेत रेडिओचा सूर कसा जुळवावा यास अनेक पाने आहेत; उजव्या बल्बाविषयी मात्र एकच वाक्य आहे, की बल्ब बदलण्यासाठी अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधावा. रविवारी सेवाकेंद्र बंद. सोमवारी जावयाचे तर अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा, आणि रजा मिळेपर्यंत धुक्यातून एकाक्ष गाडी. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलाविले. त्याने गाडीकडे एकदा पाहिले आणि निर्विकारपणे निकाल दिला, "बाबूजी, इसका तो बंपर उतरेगा."

आणि खरोखरच बंपर उतरला. चाकांवरील अस्तराचे स्क्रू, जाळीखालच्या क्लिपा, धुक्याच्या दिव्यांच्या तारा, असे एकेक सोडवीत त्याने पाऊण तासात गाडीचा अख्खा चेहरा उतरवून जमिनीवर ठेवला. मग दिव्याचा संपूर्ण डबा बाहेर काढला आणि बल्ब अर्ध्या मिनिटात बदलला. परत बसविताना दोन क्लिपा तुटल्या. "ये तो टूटते ही हैं," तो म्हणाला. त्याने चारशे रुपये घेतले, ते त्याच्या श्रमाच्या मानाने कमीच होते. त्या दिवसापासून आमचा बंपर प्रत्येक खड्ड्यागणिक खडखडतो आणि या लेखाची आठवण करून देतो.

निर्मात्याचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. त्याला वाचविण्याची आमची इच्छा नाही; परंतु एकाचे नाव घेतले तर इतर सारे निर्दोष ठरतील, ही भीती आहे. कारण हा रोग एका घराण्याचा नाही. अमेरिकेतील शेव्हरोले मोंझा या गाडीत १९७५ च्या सुमारास एवढ्याशा जागेत व्ही-८ इंजिन बसविण्यात आले. तिचे सर्व स्पार्क प्लग काढावयाचे तर इंजिनाचा आधार सैल करून इंजिन किंचित उचलावे लागे, ही गोष्ट तेथील मोटारविश्वात म्हणीसारखी झाली. क्रायस्लरच्या १९९० नंतरच्या काही गाड्यांत बॅटरी पुढच्या चाकाच्या पोकळीत दडविलेली होती आणि ती बदलण्यास चाक उतरवावे लागे. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनात स्टार्टर मोटर हवेच्या नळकांड्यांच्या खाली, इंजिनाच्या दोन रांगांमधील दरीत बसविली होती. फ्रान्सच्या रेनो मोदूस या छोट्या गाडीत पुढील दिव्याचा बल्ब बदलण्यास आमच्याप्रमाणेच बंपर उतरवावा लागे. जर्मनीच्या ऑडी ए-२ ने तर १९९९ मध्ये बॉनेटाला बिजागरीच ठेवली नाही. मालकासाठी समोर एक लहानशी झडप ठेवली, तिच्यातून तेल पाहावे, तेल घालावे, पाणी घालावे आणि झडप मिटावी. ती झडप म्हणजे आधुनिक मोटारीने आपल्या मालकाला दाखविलेली पायरी आहे. देवळाच्या बाहेरून पैसे टाकावे, गाभाऱ्यात येऊ नये.

हे असे का होते? यात दुष्ट हेतू आहे असे आम्ही म्हणत नाही. हेतू सिद्ध करण्याची गरजच नाही. आयुष्याची बरीच वर्षे हिशेबाच्या कागदांत गेल्यामुळे आम्हांला एक गोष्ट कळते: एका शीर्षाखालील खर्च जेव्हा एकाएकी कमी झालेला दिसतो, तेव्हा तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी शीर्षाखाली गेलेला असतो. कारखान्यात गाडी जोडताना दिवा आधी बसतो, बंपर नंतर चढतो. त्या क्रमात दिव्याच्या आड काहीच येत नाही. जोडणाऱ्या कामगाराला हात घालावयास सारे मैदान मोकळे असते. जोडणीतील प्रत्येक सेकंदाचा हिशेब कारखान्यात ठेवला जातो, कारण तो खर्च कारखान्याचा असतो. तीच गाडी पाच वर्षांनी उलट्या क्रमाने सोडवावी लागते, तेव्हा जो पाऊण तास जातो, ज्या क्लिपा तुटतात, जी रजा खर्ची पडते, त्यांची नोंद कारखान्याच्या कोणत्याच वहीत होत नाही. तो खर्च आमचा. आराखडा काढणाऱ्याने वाचविलेले मिनिट आम्ही तासाच्या दराने फेडतो, आणि पुष्कळदा ते फेडण्यासाठी त्याच निर्मात्याच्या सेवाकेंद्रात जाऊन उभे राहतो. हेतू असो वा नसो, लाभ कोणाच्या पदरात पडतो हे तरी स्पष्ट आहे.

येथे आमचे काही वडीलधारे वाचक मान डोलावून म्हणतील की अँबॅसडरच्या काळी असे नव्हते. त्यांना आमचे नम्र निवेदन आहे की, या वादात जुन्या काळाचा जयजयकार करण्याची आमची तयारी नाही. हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत निघत राहिलेली अँबॅसडर, किंवा मुंबईत कुर्ल्यास बनणारी आणि २०२३ च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणूनही मुंबईचा निरोप घेणारी फियाट, म्हणजेच पद्मिनी, या गाड्या घाटात उकळत, पावसात अडत, आणि त्यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. आजची सामान्य गाडी हजारो किलोमीटर बिनतक्रार धावते, कमी पेट्रोल पिते, धूर कमी सोडते आणि आदळली तर आतल्या माणसाला पुष्कळ अधिक सांभाळते. हे सारे आम्ही मान्य करतो. परंतु जुनी गाडी वाईट बनलेली असूनही चांगली मांडलेली होती. तिचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालून उभे राहता येई. दिव्याभोवतीची कडी काढली की दिवा समोरूनच हातात येई. आजची गाडी चांगली बनलेली असूनही वाईट मांडलेली आहे. बनावट आणि मांडणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीच्या सुधारणेसाठी दुसरीचा बळी द्यावा लागतो हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.

ज्या घरांत मोटार नव्हती त्या घरांनाही हा फरक ठाऊक आहे. १९७२ मध्ये पुण्याजवळच्या आकुर्डीहून निघू लागलेली चेतक स्कूटर असंख्य मराठी घरांच्या दारात उभी असे. ती बंद पडली की घरातला कर्ता पुरुष तिला एका कुशीवर कलती करी, बाजूचे झाकण उघडी, प्लग काढून पॉलिश पेपरने घासी आणि किक मारी. आमच्या वडिलांनी आम्हांला जी यंत्रविद्या शिकविली ती एवढीच. पण त्या एवढ्याशा विद्येने मुलाला यंत्राची भीती वाटेनाशी होत असे. आमच्या मुलाने त्या रविवारी बापाला सहा तास एका बल्बाशी झुंजताना आणि हरताना पाहिले. त्याने त्यावरून काय शिकावे?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते चार प्रकारचे आहे.

पहिला आक्षेप असा, की प्रदूषणाचे व सुरक्षिततेचे नियम कडक झाल्यामुळे बॉनेटखाली जागाच उरली नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे मानक आले, त्याबरोबर नवी उपकरणे आली, नळ्या व तारा वाढल्या. हे खरेच आहे. परंतु दिव्यामागे एक झडप ठेवल्याने धूर वाढत नाही, किंवा दिव्याचा डबा समोरून निघेल असा केल्याने अपघातात कोणी अधिक जखमी होत नाही. सुरक्षिततेसाठीच जिची जगभर ख्याती, त्या स्वीडनच्या व्होल्व्होच्या अनेक गाड्यांत बॉनेट उघडून खिट्या वर ओढल्या की संपूर्ण दिवा पुढे सरकून हातात येतो. मग तो ओट्यावर ठेवून उजेडात बल्ब बदलावा. जागा नाही असे म्हणणाऱ्यांना त्या खिट्यांचे उत्तर पुरेसे आहे. कोणाची तरी सोय पाहावयाची असे ज्याने ठरविले त्याला जागा सापडली.

दुसरा आक्षेप असा, की आता एल.ई.डी. दिवे आले आहेत, ते जळतच नाहीत. तेव्हा हा वाद कालबाह्य आहे. एल.ई.डी. पुष्कळ वर्षे टिकतो, हे खरे. पण टिकणे म्हणजे अमर होणे नव्हे. त्याला चालविणारा विजेचा संच बिघडतो, डब्यात पाणी शिरते, आणि तसे झाले की पुष्कळ गाड्यांत बल्ब असा बदलताच येत नाही. संपूर्ण दिवा नवा घ्यावा लागतो. ज्या कामास शेकड्यांत पैसे लागत त्यास हजारांत लागू लागले, यास प्रगती म्हणावयाची असल्यास म्हणावी. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही दिवे, कुलपे व पंखे चालविणारी लहान १२ व्होल्टची बॅटरी असतेच, आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही ही लहान बॅटरी मेली की ती महागडी गाडी जागची हलत नाही. म्हणजे इंधन बदलले तरी प्रश्न तोच राहतो: ती बॅटरी कोठे ठेवली आहे, आणि तिच्यापर्यंत आमचा हात जातो काय?

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. वेळ कोणाला आहे? चार पैसे टाकावे आणि मिस्त्रीकडून काम करून घ्यावे. यास आमचे उत्तर असे, की मिस्त्रीलाही दोनच हात आहेत. जी मांडणी आम्हांला अडविते तीच त्याला अडविते. तो आमच्याहून कुशल म्हणून पाऊण तासात सुटतो, पण त्या पाऊण तासाचे पैसे आमच्याच खिशातून जातात. शिवाय दिवा जळण्याची वेळ आपण ठरवीत नाही. या मासिकाचे वाचक कोठे कोठे नेमलेले आहेत हे आम्हांला ठाऊक आहे. ईशान्येच्या डोंगरांत, राजस्थानच्या सीमेवर, अंदमानात, जेथून अधिकृत सेवाकेंद्र एका दिवसाच्या अंतरावर असते, तेथे ते आहेत. बदलीच्या हुकुमात सेवाकेंद्राचे अंतर विचारात घेतले जात नाही. अशा ठिकाणी रात्री आठ वाजता उजवा दिवा गेला तर पैसे टाकावयाचे कोणासमोर? प्रत्येकाने आपली गाडी स्वतः दुरुस्त करावी असा आमचा आग्रह नाही. ज्याला करावयाची आहे, किंवा ज्याच्यावर ती वेळ आली आहे, त्याला ती करता यावी, एवढेच म्हणणे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचा आम्ही आदर करतो. अशिक्षित हातांनी गाडी उघडली तर जीवावर बेतेल. फुग्यांच्या, म्हणजे एअरबॅगच्या तारा, ब्रेकची यंत्रणा, विजेच्या गाडीतील नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारा, यांना मालकाने हात लावू नये, हे शंभर टक्के मान्य. पण हा युक्तिवाद करणारे लोक एअरबॅगपासून आरंभ करून बल्बापर्यंत येऊन पोहोचतात. घरातील मुख्य वायरिंगला हात लावू नये म्हणून खोलीतला दिवाही वीजमंडळाच्या माणसानेच बदलावा, असे कोणी म्हणत नाही. धोका कोठे संपतो आणि सोय कोठे सुरू होते ही रेषा आखता येते, आणि ती आखणे हेच नियमकर्त्यांचे काम आहे.

नियमांनी हे होते काय? होते, आणि झालेले आहे. अमेरिकेत १९४० पासून जवळजवळ १९८३ पर्यंत मोटारींचे पुढील दिवे ठरावीक मापाच्या बंदिस्त काचेचेच असावेत असा दंडक होता. आरंभी तर सात इंची गोल, हे एकच माप होते. त्यामुळे गाडी कोणाचीही असो, कोणत्याही गावातील दुकानात दिवा मिळे आणि कडीचे स्क्रू सोडून तो कोणासही बसविता येई. तो दिवा आजच्या मानाने मंद होता आणि गाडीच्या चेहऱ्यावर बंधन घालीत होता, म्हणून पुढे तो नियम गेला. पण चाळीस वर्षे एका देशाने आपल्या निर्मात्यांना मालकाची सोय पाहावयास लावले, हा इतिहास पुसता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वाहननियमावलीचे युरोप पालन करतो, तिच्यात आजही असे कलम आहे की, बदलता येणारा बल्ब तज्ज्ञाच्या मदतीवाचून, आणि गाडीसोबत दिलेल्या हत्यारांहून वेगळ्या विशेष हत्यारांवाचून बदलता आला पाहिजे, व त्याची रीत निर्मात्याने लिहून दिली पाहिजे. या कलमाला उणिवा आहेत. मुळात न बदलता येणाऱ्या दिव्यांना ते लागू नाही, आणि विशेष हत्यार लागत नाही याचा अर्थ वेळ लागत नाही असा होत नाही. पण तत्त्व तेथे लिहिलेले आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला, की मोटारीच्या दुरुस्तीची माहिती निर्मात्याने मालकाला व स्वतंत्र गॅरेजांनाही दिली पाहिजे. २०२० मध्ये बिनतारी पाठविल्या जाणाऱ्या माहितीपुरता तोच कौल त्यांनी पुन्हा दिला.

आपल्या देशातही आरंभ झालेला आहे, आणि तो लहान नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, आणि दोष शोधण्याची उपकरणे व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपासून दूर ठेवणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांच्या पायऱ्या चढत राहिले. पण काश्मिरी गेटच्या बाजारात सुटे भाग शोधीत फिरलेल्या प्रत्येक माणसाला जे ठाऊक होते ते एका वैधानिक संस्थेने प्रथमच कागदावर आणले. २०२२ च्या जुलैत ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्या जोडीला मोटारींनाही स्थान मिळाले. येथवर सारे ठीक होते. पुढे दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक, म्हणजे कोणती वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण वस्तूवरच छापण्याची योजना, आखण्यासाठी जी समिती बसली तिने २०२५ च्या मेमध्ये अहवाल दिला. पण तो मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणांपुरता. मोटार त्यातून वगळली गेली.

आमची तक्रार नेमकी येथे आहे. फोन दुरुस्त होत नसेल तर मनुष्य दोन दिवस अबोल राहतो. मोटारीचा दिवा दुरुस्त होत नसेल तर समोरून येणारा रिक्षावाला मरतो. ज्या वस्तूच्या नादुरुस्तीने परक्या माणसाचा जीव जाऊ शकतो ती वस्तू यादीत प्रथम असावयास हवी होती. शिवाय आजवरची सारी चर्चा माहिती आणि सुटे भाग या दोन गोष्टींभोवती फिरली आहे. त्या मिळाव्यात हे योग्यच. पण आमच्याजवळ त्या रविवारी सुटा भागही होता आणि काय करावयाचे याची माहितीही होती. नव्हती ती जागा. जागेचा हक्क अजून कोणी मागितलेला नाही. तो आम्ही मागत आहोत.

मागणी तीन कलमांत मावते. एक: पुढील व मागील दिव्यांचे बल्ब, फ्यूज, १२ व्होल्टची बॅटरी, वायपरची पाती, हवेच्या गाळण्या आणि चाक, एवढ्या वस्तू सामान्य पान्यांनी व पेचकसाने, दुसरा कोणताही मोठा भाग न उतरविता, ठरावीक वेळात बदलता आल्या पाहिजेत, आणि ही चाचणी गाडीला मान्यता देतानाच घेतली जावी. दोन: ही कामे करण्याची सचित्र रीत माहितीपुस्तिकेत असलीच पाहिजे, सेवाकेंद्राशी संपर्क साधावा, हे वाक्य या वस्तूंपुरते ग्राह्य धरू नये. तीन: दुरुस्तीयोग्यतेचे गुण मोटारीच्या काचेवरही चिकटवावेत, म्हणजे घेणाऱ्याला किमतीबरोबर पुढचा खर्चही दिसेल.

हे कोणी करावयाचे? सरकारी सेवकांच्या आचरणाचे १९६४ चे नियम आम्हांला शासनावर टीका करू देत नाहीत, आणि आम्ही ती करीतही नाही; आमची टीका बंपरावर आहे. पण या मासिकाचे वाचक कोण आहेत? खरेदीच्या निविदांचे मसुदे लिहिणारे, तांत्रिक अटी तपासणारे, वाहनांच्या देखभालीची देयके पास करणारे लोक आहेत. शासन स्वतः मोटारींचे मोठे गिऱ्हाईक आहे. गाडी किती चौरस फूट जागा व्यापते, किती लोक बसतात, किती किलोमीटर धावते, हे सारे आपण अटींत लिहितो. त्यांत आणखी एक ओळ लिहावयास संसदेचा कायदा लागत नाही: या गाडीचा उजवा बल्ब बदलण्यास किती मिनिटे लागतात ते निविदेत नमूद करावे. हा प्रश्न एकदा विचारला गेला की निर्मात्याला त्याचे उत्तर शोधावे लागेल, आणि उत्तर लाजिरवाणे असले तर आराखडा बदलावा लागेल. चालकाच्या जागी बसणारा कर्मचारी, जो आज दौऱ्यावर रात्री एका दिव्यावर गाडी हाकतो, तो आपल्याला दुवा देईल.

आणि जो वाचक येत्या पाडव्याला किंवा दसऱ्याला स्वतःच्या पैशांनी गाडी घेणार असेल त्याला आमची एक सूचना आहे. विक्रेता पडद्यावरील चित्रे दाखवील, आसनांचे चामडे दाखवील, छप्पर उघडून आकाश दाखवील. ते सारे शांतपणे पाहून घ्यावे. मग त्याला बॉनेट उघडावयास सांगावे आणि म्हणावे, "हा उजवा बल्ब आमच्यासमोर काढून परत बसवून दाखवा." तो दाखवीपर्यंत पैसे देऊ नयेत.